आतल्या दुमडीचा धागा

१

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दुपारी एक वर्ग भरायचा. कॉम्प्युटरवर फोटो सुधारायला शिकवायचे. रफूकाकू पहिल्या दिवशी तिथे पोचल्या तेव्हा दारातल्या शिपायाने त्यांना अदबीने खालच्या मासिकांच्या खोलीचा रस्ता दाखवला. काकूंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की बिचाऱ्याने मुकाट्याने खुर्ची ओढून दिली आणि वर पंखाही लावला.

काकूंचं वय झालं होतं, पण नजर अजून शाबूत होती. जन्मभर त्यांनी रफू केलं होतं. सिगारेटने जळलेला कोट, खिळ्याला अडकून फाटलेली शाल, कसरीने खाल्लेला स्वेटर, काय काय त्यांच्या हाताखालून गेलं. गिऱ्हाईक आपली वस्तू खिडकीशी नेऊन उलटसुलट करून बघायचं आणि डोकं खाजवत म्हणायचं, "काकू, हा फाटलाच नव्हता की काय?" या एका वाक्यावर काकू आठवडाभर तरंगत असत. शिवणकाम दिसतं, भरतकामाचं तर कौतुकच होतं. रफूचं मात्र कोणाला कळलंच नाही, तर ते खरं रफू.

शिकवणारी मुलगी काकूंच्या नातीच्या वयाची होती. तिला सगळे मॅडम म्हणायचे, म्हणून काकूही म्हणायच्या. मॅडमने पडद्यावर शिक्क्याचं चित्र दाखवलं. "डाग घालवायचा तर आधी हे बटण दाबून सांगायचं, कुठून घ्यायचं ते. मग डागावर ब्रश फिरवायचा. इथलं उचलायचं आणि तिथे भरायचं."

"अगं बाई, म्हणजे रफूच की!" काकू मोठ्याने बोलून गेल्या. "आम्ही धागा त्याच कापडाचा घेतो. आतल्या दुमडीतून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून. बाहेरचा धागा कितीही मिळताजुळता असू दे, पहिल्या धुण्यात चहाडी करतो."

वर्ग हसला. मॅडमही हसली. "फरक एवढाच काकू, की इथे काढलेलं कमी होत नाही. मूळ जागा तशीच राहते. तिची नक्कल फक्त तिकडे जाते."

"घेतलं तरी कमी होत नाही?"

"नाही."

काकूंना हे काही पटलं नाही. पण नव्या शाळेत पहिल्याच दिवशी बाईंशी वाद नको म्हणून त्या गप्प बसल्या.

वर्ग सुटताना मॅडमने एक नियम फळ्यावर लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. मूळ फोटोवर कधीही हात चालवायचा नाही, आधी त्याची कॉपी काढायची. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. काकूंनी नाही घेतलं. कापडाची कॉपी काढून मग रफू करतं का कोणी? जे फाटलंय त्यातच सुई घालायची असते. हात चुकेल याची भीती असेल तर त्या माणसाने सुई धरूच नये, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

२

हा सगळा खटाटोप चालला होता तो आईसाठी.

काकूंची आई खूप म्हातारी झाली होती. खिडकीजवळच्या पलंगावर दिवसभर पडून असायची. ती स्वतः नावाजलेली रफूगार. दोन्ही मुलींना तिनेच शिकवलं, थोरलीला आधी आणि धाकटीला मागून. धाकटी म्हणजे आपल्या रफूकाकू. काम झालं की आई डोळे मिटून त्या जागेवरून अंगठा फिरवायची. थोरलीच्या कामावरून अंगठा पाण्यावरून गेल्यासारखा सरळ जायचा. धाकटीच्या कामावर तो थबकायचाच. "इथे आहे जोड," आई म्हणायची आणि कापड परत द्यायची. मग सगळ्या गावाने धाकटीचं कौतुक केलं, तरी घरात अंगठा थबकत राहिला.

थोरली, म्हणजे ताई, ऐन तारुण्यात तापाने गेली. मागे तिचा एकच फोटो राहिला. दुकानाच्या दारात दोघी बहिणी उभ्या. धाकटी पुढे, दोन वेण्या, हसरी. ताई तिच्या मागे, हात धाकटीच्या खांद्यावर. फोटो वर्षानुवर्षं पेटीत राहिला, त्याला ओल लागली आणि नेमकं ताईचं तोंड खाऊन गेली. भांगापासून गळ्यापर्यंत नुसता पांढरा, बुरसट डाग उरला.

आईचं बाकीचं सगळं विसरून झालं होतं, हे एक सोडून. रोज दुपारी ती फोटो मागून घ्यायची, डागावर अंगठा ठेवायची आणि विचारायची, "हिचं तोंड कुठं गेलं गं?"

"ओल लागली, आई."

"मग नीट कर की. तुला येतं ना?"

त्या "येतं ना" मध्ये शंका होती. काकूंना ती सुईसारखी टोचायची. आई जायच्या आत ताईचं तोंड तिला दाखवायचं आणि तो अंगठा एकदा तरी न थबकता आपल्या कामावरून जायला लावायचा, एवढंच आता काकूंना आयुष्याकडून हवं होतं.

३

सरावाला मॅडमने वाचनालयाच्याच इमारतीचा फोटो दिला होता. पायऱ्यांच्या वर, दाराजवळ, भिंतीला एक लांब तडा गेलेला होता. तो बुजवायचा.

बाकीच्यांनी तड्याच्या शेजारचाच गिलावा उचलला आणि भिंतीवर एकसारखे ठिपके उमटवून ठेवले. काकूंनी फोटो मोठा करून सगळी भिंत आधी न्याहाळली. कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचा पाइप होता. त्याच्या मागची पट्टी सावलीत होती, तिथे कोण बघणार? त्यांनी तिथून उचललं आणि तड्यावर हलक्या हाताने भरत गेल्या.

भरताना त्यांना एक आवाज येत होता, अगदी बारीक. वीण न दुखावता कापडातून धागा काढताना येतो तसा, सुळ् सुळ् असा. त्यांनी शेजारच्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, पंख्याचा असेल.

मॅडमने येऊन पाहिलं आणि ती बघतच राहिली. "काकू, तडा होता कुठे?"

काकू खुर्चीत जरा ताठ बसल्या. ऊर भरून येणं म्हणतात ते हेच असावं.

पुढच्या वर्गाला येताना त्या पायऱ्यांवर थांबल्या. दाराजवळचा तडा नव्हता. रंगकाम झालं असेल म्हणावं तर रंगाचा वास नव्हता, शिपायालाही काही ठाऊक नव्हतं. काकू सहज कोपऱ्याकडे गेल्या आणि त्यांनी पाइपच्या मागे डोकावून पाहिलं. तिथला गिलावा गेला होता. विटा उघड्या पडल्या होत्या आणि खाली जमिनीवर गिलाव्याचा कणसुद्धा नव्हता.

ओलीने पडला असेल, असं काकूंनी मनाशी ठरवलं. पण पडलेला गिलावा झाडून नेणारा शिपाई त्यांनी तरी पाहिला नव्हता. आणि हा शिपाई तर मुळीच त्यातला नव्हता.

४

काकूंच्या बोळात समोरच टेलरमास्तरांचं दुकान होतं. काकू फोटो सुधारायला शिकल्या हे कळल्यावर मास्तर आपला फोटो घेऊन आले. दुकानाच्या पाटीवर लावायचा होता. अंगात ठेवणीतला करडा कोट आणि छातीवर चहाचा हा एवढा डाग.

"फोटो काढायच्या दिवशीच सांडावा का?" काकू म्हणाल्या.

"नवीन कोटाचं माप घेत होतो हो एका साहेबांचं. त्यांनीच सांडला. एवढा डाग घालवा, काकू, म्हणजे तुम्ही खऱ्या."

वर्गात काकूंनी डाग घालवला. धागा कुठून घ्यायचा हे त्यांना शिकवायला नको होतं. त्यांनी कॉलरच्या खाली दुमडलेल्या भागाची कड उचलली. सुळ् सुळ् आवाज पुन्हा आला. या वेळी त्यांनी कोणाला विचारलं नाही.

फोटो द्यायला गेल्या तर मास्तर कोट मांडीवर घेऊन हिरमुसले होऊन बसलेले. "डाग गेला बघा," ते म्हणाले. "कोटावरचा म्हणतोय मी. धुतला नाही, काही नाही, आपोआप गेला. पण ही कसर लागली कॉलरच्या खाली. एक धड होतंय तर दुसरं बिघडतंय."

काकूंनी कोट हातात घेतला, कॉलर उलटी केली आणि त्यांचा हात जागच्या जागी राहिला.

कसर असं खात नाही. कसर आडवंतिडवं खाते, भोकं पाडते. इथे उभे धागे जागेवर होते आणि आडवे काढलेले होते, तेही एक सोडून एक, म्हणजे कापड ढिलं पडू नये म्हणून. टोकं आत वळवलेली होती. गावात असं काम करणारा हात एकच होता. तो आता कॉलरवर होता.

भीती वाटली, नाही असं नाही. पण खोटं कशाला सांगा, भीतीच्या आधी काकूंच्या मनात आलं की काम काय सुरेख झालंय!

"कसरच आहे," त्या म्हणाल्या आणि कोट मास्तरांच्या हातात देऊन घरी आल्या.

५

ताईचा फोटो त्या वर्गात घेऊन गेल्या तेव्हा मॅडमने तो यंत्रावर ठेवून पडद्यावर घेतला आणि मूळ फोटो त्यांना परत दिला. पडद्यावर तो पांढरा डाग मोठा होऊन आला तशी मॅडम हळहळली.

"काकू, इथे चेहऱ्याचं काहीच उरलं नाहीये. भरायचं तरी काय? एक प्रोग्रॅम आहे, तो आपल्या मनाने चेहरा बनवून देतो. लावून बघू?"

"आपल्या मनाने म्हणजे? भलत्याच बाईचं तोंड?"

"भलतंच, पण शोभेल असं."

"नको गं बाई. बाहेरचा धागा नको."

धागा तर फोटोतच होता. ताईच्या पुढे दोन वेण्या घातलेली धाकटी उभी होती, धडधाकट. लहानपणी गिऱ्हाइकं दोघींमध्ये गोंधळायची. तेच कपाळ, तेच गाल.

काकूंना कळत नव्हतं असं नाही. तडा, गिलावा, कोट, सगळं डोळ्यांपुढे होतं. पण त्यांनी स्वतःलाच दटावलं. एवढी म्हातारी झालीस आणि कसल्या भाकडकथा मनात घेतेस? मॅडम शिकलेली आहे, ती सांगते की काढलेलं कमी होत नाही. आणि समजा होतंच कमी, तर आपण काय उघड्यावरचं घेणार आहोत? त्यांनी धाकटीच्या हनुवटीखालचा भाग उचलला. मग कानामागचा. तो वेणीच्या सावलीत होता.

थोड्या वेळाने पांढऱ्या डागात ताईची हनुवटी उगवली, गाल आले, ओठांची कड आली. सुळ् सुळ् आवाज आज कानाच्या अगदी जवळून येत होता.

घरी आल्या तर आई उशीला टेकून बसली होती. आपलं आपण बसणं तिने कधीच सोडलं होतं. मूळ फोटो काकूंनी आल्याबरोबर पिशवीतून काढून तिच्या हातात दिला. त्यावर हनुवटी आली होती. गाल आले होते. त्याच्या वरती अजून पांढरं.

आई अंगठा फिरवत होती. तो थबकला नाही.

"हनुवटी आली गं तिची," आई म्हणाली. मग बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. "पण ती बघत नाही माझ्याकडे. डोळे दे की तिला."

६

दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या मानेला वारा लागायला लागला. गळ्याभोवती शाल गुंडाळली तरी वारा लागायचाच. बाहेरून नाही, आरपार. कानामागे हात नेला की बोटांना कातडी लागत होती, पण जुन्या चादरीसारखी विरलेली. दाबलं की त्यांना आपलंच बोट दुसऱ्या बाजूला जाणवायचं.

भर दुपारी आई झोपलेली असताना काकू भिंतीवरच्या आरशापुढे उभ्या राहिल्या. मागे खिडकी होती. कापड विरलंय का हे बघायचं तर ते उजेडापुढे धरतात. तसं त्यांनी मान जरा वळवली आणि हनुवटीखालची जागा खिडकीच्या उजेडात आणली.

त्या जागेतून खिडकीचा गज दिसला.

काकू मागे सरल्या. आरशाचा पारा उडाला असेल. त्यांनी फडक्याने आरसा पुसला, खसाखसा पुसला. पुन्हा बघायचं धाडस मात्र केलं नाही.

वर्गात त्यांनी आडून विचारलं, "मॅडम, समजा एखादीने केलेलं परत मोडायचं म्हटलं, तर?"

"फाइल बंद केली नसेल तर मोडता येतं. बंद करून ठेवली की नाही. म्हणून तर कॉपी काढायला सांगते मी. तुम्ही काढली होतीत ना?"

काकूंनी शाल गळ्याशी ओढून घेतली.

"अहो काकू! मूळ फाइलवरच काम केलंत?" मॅडमने कपाळाला हात लावला. मग काकूंच्या चेहऱ्याकडे बघता बघता ती अडखळली, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. "तुम्हाला बरं नाहीये का? फिकट दिसताय."

"वय झालं आता," काकू म्हणाल्या. "तुझं चालू दे."

मॅडम दुसऱ्या रांगेकडे गेली. काकू पडद्यासमोर बसून राहिल्या. पडद्यावर ताई होती, अर्धी. ओठ होते, ते किंचित उघडे होते. त्यांनी ते तसे भरले नव्हते.

इथे थांबता आलं असतं. हे काकूंनाही ठाऊक होतं. विरलेली मान शालीखाली झाकून उरलेले दिवस काढता आले असते. पण अर्धवट रफू करून कापड परत द्यायचं? त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. आणि आई काल रात्रभर झोपेत पुटपुटत होती, डोळे दे, डोळे दे.

डोळे आतल्या दुमडीत नसतात. ते उघड्यावरचेच घ्यावे लागतात.

काकूंनी चष्मा पुसला, बटण दाबलं आणि धाकटीच्या डोळ्यांवर बाण नेला.

७

काम चालू असताना काकूंना कशाचीच जाणीव नव्हती. इतका चांगला हात त्यांना आयुष्यात कधी लागला नव्हता. पापणीला पापणी, भुवईचा एकेक केस. कपाळावरून भांगाकडे जाताना उजेड कसा बदलतो हे त्यांना आपोआप कळत होतं. कमी पडलं तसं त्या घेत गेल्या. वेण्या घेतल्या, खांदे घेतले, हसू घेतलं. आवाज आता बाहेरून येतच नव्हता.

शेवटी त्यांनी मोठं करून सगळीकडून पाहिलं. जोड नव्हता. खिडकीशी नेऊन बघणाऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला तो सापडला नसता. काकूंनी फाइल ठेवली आणि बंद केली.

मॅडम आवरत आवरत त्यांच्या रांगेत आली. चालू राहिलेल्या पडद्याकडे आणि खुर्चीकडे तिने पाहिलं. "इथे कोणी बसलं होतं का हो?" तिने शेजारच्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. मॅडमने पडदा बंद केला आणि जाता जाता पंखाही.

काकू जिना उतरल्या. शिपाई उठला नाही. बोळात मास्तर दाराशी उभे होते. ते काकूंच्या पलीकडच्या भिंतीकडे बघत होते.

घराचं दार उघडंच होतं. आई पलंगावर ताठ बसली होती, चष्मा लावून, फोटो दोन्ही हातांत धरून. काकू पलंगाशी गेल्या आणि वाकून पाहिलं. दुकानाच्या दारात ताई उभी होती, एकटी, सगळी. डोळे थेट आईकडे. तिचा एक हात पुढे आला होता आणि कोणाच्या तरी खांद्याच्या उंचीवर हवेतच ठेवलेला होता. त्या हाताखालून मागची भिंत नीट, सलग दिसत होती.

त्याच वेळी काकूंच्या खांद्यावर वजन आलं. गार, ओळखीचं. मागे ओलसर पेटीचा वास आला. काकूंनी वळून पाहिलं नाही.

आईने डोळे मिटले. फोटोवर अंगठा ठेवला आणि फिरवायला लागली. भांगावरून, कपाळावरून, डोळ्यांवरून, गालांवरून. काकूंनी श्वास रोखला होता, किंवा तसं त्यांना वाटलं. अंगठा गळ्यापर्यंत गेला आणि तिथून पुढे त्या रिकाम्या भिंतीवरून गेला, जिथे आधी दोन वेण्यांची एक मुलगी उभी होती. कुठेही थबकला नाही.

आईने डोळे उघडले. तिचे डोळे भरून आले होते.

"कोणी केलं हे?"

"मी, आई," काकू म्हणाल्या. "मी केलं. धाकटीने."

आईने वर पाहिलं. काकूंकडे नाही, त्यांच्या आरपार. तिचा सुरकुतलेला चेहरा लहान मुलासारखा फुलला. मग काकूंच्या खांद्यामागून उत्तर आलं. आवाज तरुण होता, नुकता तापातून उठल्यासारखा जरा घोगरा.

"कोणी काही केलं नाही, आई. हा फाटलाच नव्हता."

जन्मभर याच वाक्यासाठी काकूंनी डोळे फोडले होते. आज ते त्यांच्या घरात, आईच्या समोर, ताईच्या तोंडून आलं. काकूंना वाटलं ऊर भरून आला. त्यांनी तिथे हात नेला. हाताला खिडकीतलं ऊन लागलं.